अकरा नंबरची बैठक

तेलगावच्या रस्त्याला ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी बांधलेलं वसतिगृह दोन वर्षं नुसतं उभं होतं. भिंती झाल्या, पंखे लागले, नळाला पाणीही आलं. अडलं ते उद्घाटनाला मोठा माणूस मिळेना म्हणून. लेकरं आईबापांमागं उसाच्या फडात हिंडत राहिली आणि वसतिगृहात कबुतरांच्या तीन पिढ्या शिकून बाहेर पडल्या. मग २०२१चा मार्च उजाडला, कोरोनाची दुसरी लाट आली आणि वरून हुकूम सुटला, बारा दिवसांत इथं चाळीस खाटांचा दवाखाना उभा करा. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली रीत जुनीच आहे. या खेपेला निदान खड्डा तयार होता, एवढंच समाधान.

काम आलं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या ईश्वरी सिस्टरकडं. वय छत्तीस, नोकरी चौदा वर्षं. बोलणं मोजकं, पण शिस्त अशी की तिची चाहूल लागली की वॉर्डातले पेशंट विड्या विझवून डोक्यावर पांघरूण घ्यायचे. कबुतरं हाकलण्यापासून तिनं सुरुवात केली. फरशा तीनदा धुतल्या, भिंतींना पांढरा रंग दिला, ऑक्सिजनचे मोठे सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधून घेतले. चौथ्या दिवशी ट्रॅक्टरमधून लोखंडी पलंग उतरले. चाळीसच्या चाळीस मांडून झाले, गाद्या पडल्या, चादरी ताणून चारी कडा खोचून झाल्या. संध्याकाळी तिनं स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप तसंच होतं. आत एकोणचाळीस चादरी जशाच्या तशा होत्या आणि अकरा नंबरची दबलेली होती.

"तू बसलीस का गं इथं?" तिनं भिवराबाईला विचारलं. भिवराबाई झाडलोटीला होती. साठीची, सरकारी दवाखान्यातच जन्म गेलेला.

"म्या तुमच्या संगंच आत आलेय की बाई." भिवराबाईनं वाकून चादरीकडं पाहिलं. "निजल्याल्या चादरी म्या लई बघितल्यात. उशापासनं पायथ्यापतूर चुरगाळतात त्या. ही निजल्याली न्हाई. ही बसल्याली हाय. मांडी घालून."

ईश्वरीनं पुढं होऊन चादर झटकली, पुन्हा ताणून खोचली. दुसऱ्या सकाळी अकरा नंबर पुन्हा दबलेला होता, तसाच, भिंतीकडच्या अंगाला जरा खोल. आणि आता भिंतीवरही एक डाग होता. बसलेल्या माणसाचं डोकं जिथं टेकेल बरोबर तेवढ्या उंचीवर, ताटलीएवढा, तेलकट.

रंगारी सटवा याला बोलावलं. "ओल आली आसंल सिस्टर," तो म्हणाला. मार्च संपत आलेला, बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि हा गडी ओलीचं सांगतो. तरी त्यानं रंगाचा एक हात मारला. संध्याकाळी डाग वर आला. त्यानं खरवडून पुट्टी भरली, दोन हात मारले. सकाळी पुन्हा डाग. तिसऱ्या दिवशी सटवानं ब्रश बादलीत ठेवला आणि हात जोडले. "बाकीच्या भिंती म्हणाल तितक्यांदा करतो. हिला मातर हात लावायला सांगू नका."

"कावून? काय झालं?"

"म्या रंग देयलो होतो, तर कुणीतरी सरकून जागा दिल्यासारखं वाटलं," सटवा म्हणाला आणि शिडी उचलून गेला.

सगळे गेल्यावर ईश्वरीनं मास्क खाली ओढला आणि डागाजवळ नाक नेलं. खोबरेल तेलात उकळलेला माका, आणि त्याच्यावर कोरडा, राखेसारखा भस्माचा वास. तो डाग तिनं लहानपणापासून पाहिला होता.

दिंद्रुडच्या बाजारात तिच्या वडिलांचं, शिवलिंगअप्पांचं, किराणा आणि भुसारचं दुकान होतं. अप्पा सकाळी लिंगपूजा करायचे, कपाळाला भस्म लावायचे, माक्याचं तेल चोपडून गादीवर मांडी घालायचे आणि मागं भिंतीला डोकं टेकायचे. कमरेला लोड, डोक्याला भिंत. चाळीस वर्षं. त्या भिंतीला दर दिवाळीत रंग द्यायचा आणि संक्रांतीपर्यंत डाग परत यायचा. गिऱ्हाइकं थट्टा करायची, "अप्पा, दुकान इकलं तरी ही भिंत संगं घेऊन जावा." अप्पा हसून म्हणायचे, "बैठक हाय बाबा, ती सुटत न्हाई."

मागच्या सप्टेंबरात, पहिल्या लाटेत, अप्पांना कोरोना झाला. जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात ठेवलं. भेटायला कुणाला सोडत नव्हते. फोन तेवढा त्यांच्याजवळ होता. ईश्वरी इकडं ड्यूटीवर. चौथ्या दिवशी तिथल्या एका सिस्टरनं तिला फोन केला, "मॅडम, तुम्ही स्टाफमधल्या म्हणून सांगते. तुमचे वडील ऐकत नाहीत. सारखे उठून बसतात, मास्क सरकतो. जरा समजवा." ईश्वरीला लाज वाटली. चौदा वर्षं ती न ऐकणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना झापत आली होती. आता तीच नातेवाईक. तिनं लगेच अप्पांना फोन लावला.

"बसलं की बरं वाटायलंय गं," अप्पा म्हणाले. दर दोन शब्दांनी दम लागत होता. "निजलं की छातीवर कुणी ज्वारीचं पोतं ठिवल्यावानी व्हतंय."

"अप्पा, ते आपलं दुकान न्हाई. ते सांगतात तसं करा. निजून राहा."

"दोन घटका बसतो अन्..."

"निजा म्हणलं ना अप्पा!"

फोनवर नुसता श्वास ऐकू आला. मग ते म्हणाले, "बरं. तू म्हंतीस तर निजतो."

पहाटे ते गेले.

दम लागलेल्या माणसाला सपाट निजवू नये, पाठीला आधार देऊन बसवावं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. ईश्वरीला ते येत होतं. तिला येत होतं आणि तरी ती म्हणाली, निजा. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

घरच्यांचा राग वेगळ्या गोष्टीवर होता. त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेला तरी त्याला आडवं करीत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून बसवतात. बसलेलाच नेतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर देऊन. त्या वेळी नियम निराळे होते, माणसं भेदरलेली होती, आणि कागद पुढं आल्यावर ईश्वरीनं दहनाला सही दिली. अप्पा पिशवीत गुंडाळून, आडवे, अनोळखी माणसांच्या हातून गेले. त्यांचं लिंग, घड्याळ आणि फोन प्लास्टिकच्या थैलीतून घरी आले. त्या दिवसापासून तिची आई, शांतादेवी, तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ईश्वरीनं फोन केला की ती न बोलता तो धाकट्या भावाच्या, रुद्रेशच्या हातात द्यायची. सात महिने झाले होते.

आणि आता अप्पा अकरा नंबरवर येऊन बसत होते. ईश्वरी शिकली-सवरलेली बाई, भुताखेतांच्या नावानं हसणारी. पण डाग तिच्यासमोर होता आणि वास नाकात होता. तिला भीती वाटली, आणि त्याहून जास्त, आपल्याला धरायला आलेत असं वाटलं.

त्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तिनं वॉर्डाला कुलूप लावलं आणि व्हरांड्यात दाराच्या काचेशी उभी राहिली. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आत चाळीस पांढऱ्या खाटा ओळीनं होत्या, पंखे बंद, आणि बराच वेळ काहीच झालं नाही.

मग अकरा नंबरची जाळी करकरली. चादर मधोमध हळूच खाली गेली, जसा जड अंगाचा म्हातारा जपून टेकतो तशी. मग थोडी सरकली, भिंतीकडं. काचेतून आवाज यायला नको होता, तरी ईश्वरीला श्वास ऐकू आला. आधी तुटक, घाईचा. मग लांब. मग सुटकेचा.

तिचा हात कुलपाकडं गेला. किल्ली नुसती खुळखुळली, आणि आतली चादर एकदम वर आली. क्षणभर ती उशापासून पायथ्यापर्यंत दबली आणि मग सपाट झाली. ईश्वरी आत धावली. खाट रिकामी होती. गादी मात्र ऊबदार होती. आपलं तोंड बघायची सुद्धा त्यांची इच्छा नाही, असं तिच्या मनानं घेतलं आणि ती तिथंच फरशीवर बसून रडली.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसून वॉर्डाकडं बघितलं, आणि आपण काय केलंय हे तिच्या ध्यानात आलं. चाळीस पलंग, सगळे सपाट. पाठीकडून उचलणारा एकही नाही. येणारा एकेक माणूस दम लागलेला असणार, आणि त्याला निजवायची चोख तयारी तिनं स्वतःच्या हातानं केली होती.

वसतिगृहाच्या संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह रोज एक चक्कर मारायचे. पांढरे कपडे, गाडीत मागं दोन पोरं, आणि फितीचा विषय. पलंग त्यांनीच आणले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"भाऊ, हे पलंग चालणार नाहीत," ईश्वरी म्हणाली. "पाठ उचलणारे पाहिजेत."

"आता? चार दिवसांवर आलंय सिस्टर. साऱ्या मराठवाड्यात तसला पलंग शिल्लक न्हाई. अन् दवाखान्यात माणूस निजायलाच येतो ना?"

"ह्या रोगात सपाट निजला की मरतो."

ती हे इतक्या जोरात बोलली की भिवराबाईच्या हातातला झाडू थांबला. ईश्वरीला आपलाच आवाज परका वाटला. सात महिन्यांपूर्वी हेच वाक्य फोनवर बोलता आलं असतं.

"लोड," ती हळू म्हणाली. "पाठीमागं घालायला लोड मिळाले तरी भागेल."

विजयसिंहांची इतर कामं कशीही असोत, माणसं त्यांच्या ओळखीची होती. लग्नं बंद असल्यामुळं मंडपवाला सुग्रीव हातावर हात धरून बसला होता आणि त्याच्या गोदामात लग्नातल्या बैठकीचे लोड छतापर्यंत रचून पडले होते. दोन ट्रॉल्या भरून आले. मोटारसायकलच्या सीटा शिवणाऱ्याला बसवून सगळ्यांवर रेक्झिनच्या खोळी घातल्या, म्हणजे औषधाच्या पाण्यानं पुसता येतील. लाल, हिरवे, सोनेरी झालरीचे लोड प्रत्येक खाटेवर मांडले तेव्हा भिवराबाई म्हणाली, "दवाखाना हाय का साखरपुडा?" ईश्वरी कितीतरी दिवसांनी हसली.

अकरा नंबरवरचा लोड तिनं स्वतः लावला. सकाळी तो पायथ्याला होता. फेकलेला नव्हता, नीट उचलून, आडवा, कडेला लावून ठेवलेला. तिनं परत लावला, तो परत पायथ्याला गेला. मग तिनं रुद्रेशला फोन करून दुकानातला अप्पांचा लोड मागवला.

रुद्रेश तो मोटारसायकलला बांधून घेऊन आला. "आईला इचारलं," तो म्हणाला. "ती बोलली न्हाई काही. पन गादीवरनं उचलून तिनंच पायरीवर आणून ठिवला. ताई, तब्येत बरी न्हाई तिची. बारीक ताप हाय."

"तपासून घे. आजच," ईश्वरी म्हणाली.

अप्पांचा जुना लोड, कमरेच्या जागी खोलगट झालेला, तिनं खोळ घालून अकरा नंबरला लावला आणि आत कुणी नसताना त्यावर हात फिरवला. सकाळी तोही पायथ्याला नीट लावलेला होता. आपल्या हातचं त्यांना काहीच चालत नाही, हे तिला फार लागलं.

दवाखाना सुरू झाला. विजयसिंहांनी फीत कापलीच, फोटोपुरता मास्क हनुवटीवर ओढून. संध्याकाळपर्यंत अकरा माणसं आली आणि मग ओघ थांबेना. तेलगाव, दिंद्रुड, थेट गेवराईकडूनही जीपा यायला लागल्या. ईश्वरी प्रत्येकाला बसवायची, पाठीला लोड, गुडघ्याखाली उशी. आणि तासाभरानं बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा वर सरकला की तिच्या जिवात जीव यायचा. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, हे लोड नसते तर निम्मी माणसं पुढं पाठवावी लागली असती, आणि पुढं तरी जागा कुठं होती.

अकरा नंबर मात्र तिनं कुणाला दिला नाही. यादीत त्यापुढं लिहिलं, भिंतीचं काम चालू. बाहेर लिंबाच्या सावलीत माणसं वाट बघत असायची आणि आत एक खाट रिकामी. हे चूक आहे हे तिला कळत होतं. पण कुणाला त्यांच्या अंगावर निजवू, या विचारानं तिचा हात पुढं जात नव्हता.

आठव्या दिवशी बारा नंबरवरचा हनुमान मुकादम जरा बरा झाला आणि बोलायला लागला. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा गडी. गप्प बसणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"सिस्टर, हे अप्पा कोण हायत ओ? म्या दोनदा राम राम घातला, नुसती मान हलवली त्यांनी."

"कुठले अप्पा?"

"हे की. अकरावरले. कपाळाला भस्म, हातात लिंग." त्यानं रिकाम्या खाटेकडं पाहिलं. "आता निजलेत वाटतं, दिसंनात. दिसभर भिंतीला टेकून बसलेले असतात बिचारे. फकत तुमचा आवाज आला की घाईघाईनं लोड पायाशी सारतात अन् आडवं व्हतात. लई भितात तुमाला."

बाहेर एप्रिलचं ऊन होतं आणि अंगात प्लास्टिकचं किट होतं, तरी ईश्वरीला हुडहुडी भरली. ते तिच्यावर रुसलेले नव्हते. ते चोरून बसत होते. सिस्टर बघेल, रागावेल, म्हणून. तिनं निजा म्हटलं होतं आणि ते अजून ऐकत होते.

त्याच वेळी फाटकाशी हॉर्न वाजला.

रुद्रेशनं पिकअपमधून आईला आणलं होतं. शांतादेवी मागच्या फळीवर ईश्वरीच्या जुन्या स्वेटरची उशी करून कशीबशी बसली होती, ओठ निळसर, आणि मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. यंत्रावरचा आकडा चौऱ्याऐंशी होता. "तीन ठिकानी फिरलो ताई," रुद्रेश म्हणाला. "कुठंच बेड न्हाई."

बेड एकच होता.

ईश्वरी आणि भिवराबाई दोघींनी तिला उचलून अकरा नंबरवर बसवलं. ईश्वरीनं मास्क लावला, ऑक्सिजन सोडला, अप्पांचा लोड पाठीला घातला. शांतादेवीनं हातानं तो बाजूला ढकलला. तिचं लक्ष ईश्वरीच्या छातीकडं होतं, तिथं किटवर निळ्या पेननं नाव लिहिलेलं होतं. नाव तिनं वाचलं आणि मान फिरवली.

दुसऱ्या खाटेवरून हाक आली म्हणून ईश्वरी चार पावलं गेली आणि मागं वळून बघते तर आई ताठ बसली होती. पाठीला लोड नव्हता. पाठ आणि भिंत यांच्यात वीतभराहून जास्त अंतर होतं. तरी ती टेकली होती, सगळं अंग सैल सोडून, जसं माणूस माणसाला टेकतं. आकडा सत्त्याऐंशी झाला होता.

ईश्वरी धावत परत आली. तिचं पाऊल खाटेशी पडलं, जाळी करकरली, आणि आईच्या पाठीमागचं जे काही होतं ते निघून गेलं. शांतादेवी मागं पडली, सपाट. श्वास घशात अडकला. आकडा उतरायला लागला, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. ईश्वरीनं तिला उचलायला काखेत हात घातला, लोड ओढला. पण आईनं सगळं बळ एकवटून तिचा हात धरला. सात महिन्यांत ती पहिल्यांदा बोलली.

"लोड नको. त्यांची जागा हाय ती. तू आलीस की... आडवं व्हतात बघ."

"आई, बोलू नको. दम लागायलाय."

"बोलू दे." मास्कमधून तिचे शब्द एकेक करून येत होते. "तुला वाटतंय, मी सहीसाठी रुसले. सहीचं काय... सगळ्यांचंच तसं झालं. त्या दिवशी तुझा फोन ठिवल्यावर त्यांनी मला लावलता. म्हनले, पोरगी निज म्हणायली. मी म्हनलं, नका निजू, बसून राहा. तर म्हनले, न्हाई. ती शिकलेली हाय. तिला कळतंय. निजतो."

ईश्वरीच्या चष्म्याच्या काचा आतून धूसर झाल्या. आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"मला कळत होतं आई," ती म्हणाली. "बसवावं लागतं, हे मला येत होतं. तरी म्हणले. मला लाज वाटली त्यांची."

शांतादेवीनं डोळे मिटले. मग तिनं मूठ उघडली. तळहातावर अप्पांचं लिंग होतं, प्लास्टिकच्या थैलीतून आलेलं.

"मग मला काय सांगायलीस," ती म्हणाली. "त्यांना सांग."

बारा नंबरवरचा हनुमान मुकादम जन्मात पहिल्यांदा गप्प बसला होता. भिवराबाई दाराशी उभी होती. ईश्वरी खाली वाकली. आईच्या कुशीला, जिथं चादर उशापासून पायथ्यापर्यंत कुणाच्या तरी वजनानं दबली होती, तिथं तिनं तोंड नेलं. चौदा वर्षांचा सिस्टरचा आवाज गळ्यातून निघाला नाही. निघाला तो दिंद्रुडच्या दुकानात पायरीवर बसून गूळ खाणाऱ्या पोरीचा.

"अप्पा, चुकलं माझं. तुमाला बरोबर कळत होतं. उठा. उठून बसा."

काही झालं नाही. सिलिंडरचा फुसफुस आवाज तेवढा चालू होता. आकडा ऐंशीवर आला.

"अप्पा, मी सांगायलेय ना. बसा!"

जाळी करकरली. दबलेली चादर उशाकडून हळूहळू मोकळी झाली आणि मधोमध खोल गेली, कुणीतरी कोपरावर भार देऊन, दम खात, उठावं तशी. मग शांतादेवीची पाठ गादीवरून सुटली. ईश्वरीनं दोन्ही हात मागं घेतले होते. आईला कुणाचा हात लागलेला नव्हता. ती सावकाश वर आली, सरळ झाली आणि मागं टेकली. भिंतीवरचा डाग ओलसर चमकला. माक्याच्या तेलाचा वास मास्कमधूनही आला.

आकडा थांबला. मग ब्याऐंशी झाला. मग शहाऐंशी.

ईश्वरी तिथून हलली नाही. हलायची तिला भीती वाटत होती आणि जवळ राहायचीही. एक पाऊल मागं घेतलं तर चादर जराशी उचलल्यासारखी वाटली, जसं कुणी विचारतंय, झालं का, निजू का आता. तिनं स्टूल ओढलं, खाटेला लावलं आणि बसली. आईच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेकडं बघत तिनं मान हलवली.

"बसा, अप्पा," ती म्हणाली. "मी हितंच हाय. तुमाला कुणी काय म्हणणार न्हाई."